लल्लनगुरुजी आणि काशीची वरची सीमा

"सोलापूरचं अंजीर येऊन गेलं काल," लल्लनगुरुजी जिन्यात भेटून सांगायचे. "तब्येत फार उतरलीये हो त्यांची. साताऱ्याचा साबुदाणा मात्र एकदम ठणठणीत आहे."

पहिल्या महिन्यात माझी खात्री झाली होती की आपला घरमालक भ्रमिष्ट आहे. मी मूळचा मिरजेचा, रेल्वेत नोकरी, बदली होऊन वाराणसीला आलेलो. गुरुजींच्या घरात वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, कारण गल्लीत मराठी पाटी दिसली आणि आतून फोडणीचा वास आला. पुढे हळूहळू उलगडा झाला. काशीला आलेल्या माणसाने आपल्या आवडीचा एखादा जिन्नस इथे कायमचा सोडून जायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. मराठी यात्रेकरूंचे विधी करणं हा गुरुजींच्या घरचा पिढीजात व्यवसाय, तेव्हा पाणी सोडून, संकल्प सांगून ती वस्तू सोडवायचं कामही त्यांचंच. माणसाचं नाव, गाव, हुद्दा ते संध्याकाळपर्यंत विसरत. त्याने काय सोडलं ते मात्र कधीच विसरत नसत. सोलापूरचे एक निवृत्त न्यायाधीश त्यांच्या लेखी अंजीर होते, साताऱ्याच्या मुख्याध्यापिकाबाई साबुदाणा. मी चार वर्षांत काहीच सोडलं नाही, म्हणून माझं नाव 'बाकी'.

"बाकीसाहेब, चहा घेणार?" असं ते खालून ओरडायचे आणि मी मुकाट्याने खाली जायचो.

त्यांचं खरं नाव लक्ष्मण अनंत टेंभेकर. घराणं दोनशे वर्षांपूर्वी कोकणातून आलेलं, पण काशीने लक्ष्मणाचा लल्लन केला आणि तो साठीपर्यंत लल्लनच राहिला. ठेंगणे, गोल, गोरे. धोतर, त्यावर हाताने विणलेला तपकिरी स्वेटर, आणि पायांत पांढरेशुभ्र पळायचे बूट. ते बूट कुणा यजमानाने दिलेले. गुरुजी कधी पळाले नाहीत, पण बूट रोज ओल्या फडक्याने पुसत. अहिल्याबाई घाटाच्या पहिल्या पायरीवर ते काढायचे, आणि मग अनवाणी आपल्या लाकडी चौकीवर, वेताच्या मोठ्या छत्रीखाली जाऊन बसायचे.

माणूस अतिशय मवाळ. फक्त एका बाबतीत हट्टी. नावडती वस्तू सोडणाऱ्यांवर त्यांचा फार राग. आपली मंडळी कशी असतात ते मी सांगायला नको. शंभरातले नव्वद लोक कारलं सोडतात, दोडका सोडतात आणि पुण्य घेऊन घरी जातात. गुरुजी त्यांना एकच प्रश्न विचारायचे, "शेवटचं कधी खाल्लंत?" तिथे निम्मे लोक गळायचे.

बारामतीचे एक कंत्राटदार मी स्वतः पाहिले. जाडजूड माणूस, गळ्यात साखळी. म्हणाला, "गुरुजी, मी शेपू सोडतो." मागे त्याची बायको पदर तोंडाला लावून हसत होती.

"आवडतो?" गुरुजींनी विचारलं.

"फार."

"शेवटचा कधी खाल्लात?"

"झाली असतील की दोन-तीन वर्षं."

गुरुजींनी पळी खाली ठेवली. म्हणाले, "आज नाही सुटायचा. घरी चला." आणि खरोखर त्याला घरी आणलं. सुमनकाकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, मुगाची डाळ घालून शेपू केला. पहिल्या दिवशी त्या माणसाने नाक दाबून खाल्ला. दुसऱ्या दिवशी नाक सोडलं. तिसऱ्या दिवशी त्याने वाटी पुढे केली आणि विचारलं, "काकू, अजून आहे का हो?" चौथ्या दिवशी सकाळी गुरुजी त्याला घाटावर घेऊन गेले आणि शेपू सोडायला लावला. मी बाजूला उभा होतो. माणूस डोळे पुसत होता.

महिन्याभराने त्याच्या बायकोचा फोन आला. "गुरुजी, काय केलंत हे? मंडईत शेपू दिसला की हे तोंड फिरवून उभे राहतात. बघतसुद्धा नाहीत त्याच्याकडे." गुरुजी आठवडाभर खुशीत होते. मला म्हणाले, "बाकीसाहेब, खाल्लं नाही म्हणजे सुटलं, असं नाही होत. त्याच्याकडे बघवलं नाही पाहिजे. असली सुटणं ते."

आणि गंमत अशी, की ह्या माणसाला स्वतःला काहीच आवडत नव्हतं. म्हणजे नावडतही काही नव्हतं. काकूंनी काहीही वाढलं तरी "छान आहे". खीर छान आहे, खिचडी छान आहे, करपलेली भाजीपण छान आहे. काकू म्हणायच्या, "चाळीस साल झाली, ह्या माणसाने मला कधी 'अजून वाढ' नाही म्हटलं. तुम्हीच सांगा, अशा माणसासाठी स्वयंपाक करायचा तो कुठल्या खुशीत?"

हे साधं वाटतं, पण गुरुजींना त्याचा घोर लागलेला होता. कारण त्यांची साठी जवळ आली होती. टेंभेकरांच्या घरात पुरुषाची साठ वर्षं पुरी झाली की त्याने क्षेत्रसंन्यास घ्यायचा असा नेम. म्हणजे भगवी वस्त्रं वगैरे काही नाही. बायको तीच, घर तेच. फक्त पंचक्रोशीची सीमा मरेपर्यंत ओलांडायची नाही. काशीतून बाहेर पाऊल म्हणून टाकायचं नाही. आणि त्याच दिवशी आपली सर्वांत आवडती एक वस्तू सोडायची. आजोबांनी लंगडा आंबा सोडला होता. वडिलांनी तंबाखू सोडली, आणि म्हणे त्यानंतर वर्षभर ते कुणाशी धड बोलले नाहीत. गुरुजींची पाळी येत्या अक्षय्य तृतीयेला होती.

"सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडातला घास मी काढून घेतला," ते म्हणायचे. "आणि माझी वेळ आली की मी काय सोडू? दोडका?"

अशात कार्तिकात कॅप्टन इनामदार आले. वडिलांच्या अस्थी घेऊन आलेले, पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. विमान चालवायला शिकवणारी त्यांची स्वतःची छोटी शाळा होती, काशीपासून रेल्वेने पाच तासांवर. गुरुजींनी त्यांचं सगळं इतकं मनापासून केलं की निघताना कॅप्टन पायरीवरच थांबले. म्हणाले, "गुरुजी, दक्षिणा दिली ती दिली. पण मला येतं असं एकच काम आहे. तुम्ही शौक म्हणून उडायला शिका. माझ्याकडे दोन विमानं आहेत, एक हेलिकॉप्टर आहे. दोन्ही शिकवणं नाही जमणार. कुठलं तरी एक ठरवा आणि या."

धोतरातल्या एकोणसाठ वर्षांच्या माणसाने यावर हात जोडून "नको हो, आमचं काय" म्हणायला हवं होतं. गुरुजी म्हणाले, "विचार करून सांगतो."

त्या संध्याकाळी जिन्यात त्यांनी मला गाठलं. नेहमीचा मिश्कील सूर नव्हता. "बाकीसाहेब, मी आयुष्यात काशीबाहेर किती गेलोय? तीनदा प्रयाग, एकदा गया. सगळी दुनिया माझ्यासमोर पायऱ्या उतरून येते आणि चढून निघून जाते. अक्षय्य तृतीयेनंतर तर प्रयागपण बंद. त्याच्या आधी मला एकदा वर जायचंय. स्वतःच्या हाताने. पण कशात जाऊ, हे कळून नाही राहिलं."

मला उंचीची भीती आहे. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा तरी मी शेजाऱ्याला बोलावतो. मी म्हटलं, "काहीतरी एक निवडा आणि मोकळे व्हा." त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच दोडका सोडायला आलोय.

दुसऱ्या दिवसापासून अख्खा घाट कामाला लागला. नाववाला रामजी म्हणाला, "गुरु, हेलिकॉप्टर लीजिए. हवाई जहाज को इतना लंबा घाट कहाँ मिलेगा?" न्हाव्याचं मत विमानाला, कारण त्यात चहा मिळतो. काकूंनी निकाल दिला, "विमान शिका. ते कुठेतरी जातं आणि परत येतं. ते दुसरं नुसतं डोक्यावर भणभण करतं. आणि मी म्हणते, दोन्ही नाही शिकलात तर काय बिघडेल? पण माझं कोण ऐकतं."

गुरुजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि गच्चीवर सराव सुरू केला. कॅप्टननी फोनवर समजावलं होतं की विमानाला समोर एक चक्रासारखं सुकाणू असतं. हेलिकॉप्टरला दोन गुडघ्यांच्या मध्ये एक दांडा, डाव्या हाताशी वर-खाली करायची एक दांडी, आणि पायांखाली दोन पट्ट्या. तेव्हा विमानासाठी काकूंची परात. हेलिकॉप्टरसाठी गुडघ्यांत लाटणं, डाव्या हातात उलथनं आणि पायांखाली दोन पाट. प्रतिपदा विमानाची, द्वितीया हेलिकॉप्टरची, असं आळीपाळीने. पक्षपात नको म्हणून एकादशीला काहीच नाही. माकडं कठड्यावर रांगेने बसून बघायची.

ह्याचा परिणाम स्वयंपाकावर झाला. हेलिकॉप्टरच्या दिवशी लाटणं गच्चीवर, त्यामुळे पोळ्या नाहीत. मी ऑफिसातून येऊन पानात भात पाहिला की समजायचो, आज द्वितीया. विमानाच्या दिवशी परात नाही म्हणून काकू पातेल्यात कणीक मळायच्या, आणि मळताना जे बोलायच्या ते मी इथे लिहीत नाही.

माघात प्रकरण शास्त्रापर्यंत गेलं. गुरुजींच्या डोक्यात एक वेगळाच किडा वळवळत होता. क्षेत्रसंन्याशाने सीमेबाहेर पाऊल टाकायचं नाही, कबूल. पण सीमेच्या आतून सरळ वर गेलो आणि सरळ खाली आलो तर? विमानाला ते जमणार नाही, ते धावत सुटतं आणि कुठल्या कुठे जातं. हेलिकॉप्टरला जमतं. म्हणजे क्षेत्रसंन्यासानंतरही माणसाला उडता येईल, जर काशीची सीमा वरच्या बाजूलाही असेल तर. असेल, तर किती उंचीपर्यंत?

एका रविवारी गच्चीवर उन्हात सभा बसली. सहा विद्वान, प्रत्येकाच्या हातात मलइयोचं मातीचं कुल्हड. मलइयो म्हणजे दवात ठेवलेल्या दुधाचा केशरी फेस, फक्त थंडीत मिळतो, आणि त्याच्या आशेनेच निम्मे लोक आले होते असं माझं मत आहे. न्यायशास्त्राच्या तरुण प्राध्यापकांनी मांडलं की सीमा ही जमिनीवर आखलेली रेघ नसून उभी भिंत आहे, तिला वर टोक नाही. दुसरे म्हणाले, घंटेचा आवाज पोचतो तिथवर काशी. कुणीतरी शंका काढली, वर गेल्यावर वाऱ्याने सीमेबाहेर ढकललं तर? त्यावर बराच खल होऊन ठरलं की दोष वाऱ्याला लागेल.

शेवटी नानाशास्त्री बोलले. वय पंच्याऐंशी, तोपर्यंत डोळे मिटून फेस चाटत होते. म्हणाले, "काशी जमिनीवर नाहीच. ती शंकराच्या त्रिशूळाच्या टोकावर आहे. म्हणजे आपण सगळे आधीच वर आहोत. लल्लन इथून उडेल ते उडणं नाहीच. वरच्या वर जरा सरकणं आहे. करू दे त्याला."

तेवढ्यात मलइयो संपला आणि सभाही संपली. निकाल असा, की हेलिकॉप्टर शास्त्रसंमत, विमान नाही. मी आयुष्यभर रेल्वेच्या बैठकींना बसलो आहे, पण इतक्या फालतू विषयावर इतका स्पष्ट निर्णय झालेला मी पाहिलेला नाही. कॅप्टनना फोन लावला. ते म्हणाले, "तसं माझं मशीन मोठ्या लोकांना घेऊन काशीला येतंच अधूनमधून. हेलिपॅड तुमच्या सीमेत असेल तर तेवढ्यात तासभर शिकवता येईल."

हेलिपॅड सीमेत होतं. गुरुजी स्वतः चालत जाऊन बघून आले.

म्हणजे सगळे रस्ते हेलिकॉप्टरकडे जात होते. दुसरा कुणी असता तर त्याच रात्री हो म्हणून झोपला असता. गुरुजी म्हणाले, "चाखल्याशिवाय कसं सांगू?"

म्हणून फाल्गुनात आम्ही गाडीत बसलो. माझं जाणं केवळ सोबत म्हणून, हे मी काकूंकडून तीनदा वदवून घेतलं होतं. बरोबर दशम्यांचा डबा, गंगाजलाची बाटली आणि पुसलेले बूट. शाळा म्हणजे एक लांबलचक पट्टी, एक पत्र्याची शेड आणि बाजूला हरभऱ्याचं शेत. खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फडफडत होती. कॅप्टननी शिक्षक या नात्याने पहिला प्रश्न टाकला, "समजा ही पिशवी नसली, तर वारा कुठून येतोय ते कसं ओळखाल?"

"मणिकर्णिकेचा धूर बघायचा," गुरुजी म्हणाले. "तो कधी बंद नसतो."

कॅप्टन म्हणाले, बरोबर आहे.

आधी विमान. गुरुजींनी त्याच्या नाकावर गंगाजल शिंपडलं, पंख्याला कलाव्याचा लाल दोरा बांधायला निघाले तेव्हा मात्र कॅप्टननी हात धरला. अर्धा तास ते दोघं वर होते. मी खाली बाकावर बसून स्तोत्रं म्हणत होतो, जी मला धड येत नाहीत. खाली आल्यावर विचारलं, "कसं होतं?"

"छान आहे," गुरुजी म्हणाले. खिचडीला म्हणायचे त्याच सुरात. "फार गुणी यंत्र. कॅप्टन म्हणाले हात काढा. काढले. तरी ते आपलं सरळ चाललंय. मतलब, माझी गरज नव्हती त्याला."

मग हेलिकॉप्टर. कॅप्टन ते दोन पुरुष उंचीवर घेऊन गेले आणि एक-एक करून दांडे त्यांच्या हातात दिले. आणि ते यंत्र जे भटकायला लागलं. कधी हरभऱ्याकडे, कधी शेडकडे, कधी शेपटी फिरवून माझ्याकडे. मी बाकामागे जाऊन बसलो. पुन्हा कॅप्टननी सावरलं, पुन्हा ह्यांच्या हातात दिलं, पुन्हा तेच. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग एकदा ते थांबलं. हवेत, एका जागी, अगदी स्थिर. मी दहापर्यंत मोजलं. काचेतून गुरुजींचं तोंड दिसत होतं. इतक्या वर्षांत मी ते तसं पाहिलं नव्हतं.

खाली उतरल्यावर ते गवतावर बसले. घामाने स्वेटर भिजला होता. मी पाणी दिलं ते प्यायले. मग म्हणाले, "बाकीसाहेब, एका जागी राहायला केवढं करावं लागतं हो. हात, पाय, डोळे, एका क्षणाची सुट्टी नाही. जरा ढिले पडलात की गेलं. आणि खालून बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता उभा आहे." डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. "आयुष्यभर मी त्या चौकीवर नुसता बसलोय असं लोकांना वाटतं. मलापण तसंच वाटत होतं."

मी डबा उघडून दशमी खाल्ली.

"मग काय, हेलिकॉप्टर ना?" कॅप्टननी विचारलं.

गुरुजी कॅप्टनकडे बघत राहिले, मग यंत्राकडे. म्हणाले, "अजून एकदा द्या."

सुमनकाकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या भांडी घासत होत्या. थांबल्या. "काय म्हणाले? अजून?" त्यांनी दोनदा विचारलं. मग बराच वेळ तेच भांडं घासत राहिल्या.

त्यानंतर गुरुजी आणखी तीनदा जाऊन आले, एकटे. दर खेपेला हेलिकॉप्टरच. विमानाचं नाव निघेना. परात घरात परत आली, आणि पोळ्या जवळजवळ बंदच झाल्या, कारण आता रोज द्वितीया. काकूंनी शेवटी चौकातून दुसरं लाटणं आणलं, तर गुरुजींनी तेही हातात घेऊन तोललं आणि म्हणाले, हे जास्त बरं आहे. यजमानांना संकल्प सांगताना त्यांचा डावा हात आपोआप वर-खाली व्हायचा. रात्री जेवताना बोलायचे ते हेलिकॉप्टरबद्दल. एक दिवस एका मिनिटापर्यंत धरलं म्हणाले, तेव्हा काकूंनी शिरा केला. गुरुजींनी शिरा अजून मागून घेतला.

सगळं ठरल्यासारखंच होतं. अक्षय्य तृतीयेला क्षेत्रसंन्यास, त्याच दिवशी गुरुजी विमान सोडणार, आणि पुढे सीमेच्या आत, शास्त्राच्या आधाराने, हेलिकॉप्टर शिकत राहणार. कॅप्टन आदल्या दिवशीच आले, खिशात शाळेचा फॉर्म घेऊन. फक्त सही बाकी होती. मी पेढे आणले होते, आणि खरं सांगतो, त्यातला एक वाटेत खाल्लाही होता.

सकाळी अहिल्याबाई घाटावर गुरुजी पाण्यात उभे राहिले, कमरेइतके. काठावर काकू रेशमी लुगड्यात. नानाशास्त्री आज पुरोहित. सीमा न ओलांडण्याचा संकल्प झाला. मग शास्त्रीबुवांनी विचारलं, "आवडती वस्तू?"

"हेलिकॉप्टर," गुरुजी म्हणाले.

मला वाटलं घाई-गडबडीत चुकले. कॅप्टनही पुढे झाले. पण नानाशास्त्र्यांनी डोळे उघडून त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि विचारलं, "शेवटचं कधी?"

"परवा," गुरुजी म्हणाले. "सव्वा मिनिट."

शास्त्रीबुवांनी मान हलवली आणि संकल्प म्हटला. संस्कृत शब्द शोधायच्या फंदात पडले नाहीत, 'हेलिकॉप्टर' असंच म्हणाले. गुरुजींनी ओंजळीतलं पाणी सोडलं.

मला राग आला. अजून येतो. ते पायऱ्या चढून वर आले तसा मी त्यांच्या अंगावरच गेलो. "अहो, विमान सोडायचं होतं ना? सगळं ठरलं होतं. सहा शास्त्र्यांनी वाट मोकळी करून दिली होती तुम्हाला."

"विमान मला छान वाटलं होतं," ते धोतर पिळत म्हणाले. "छान वाटलेलं कुणीही सोडतो. मग बारामतीच्या शेपूला मी काय तोंड दाखवू?"

"मग निदान विमान तरी शिका," कॅप्टन म्हणाले.

"ते सीमेबाहेर आहे," गुरुजी म्हणाले. मग कॅप्टनच्या खांद्यावर ओला हात ठेवला. "फार मोठं दिलंत तुम्ही मला. माझ्याजवळ सोडायला काही नव्हतं."

कॅप्टन पायरीवर बसले. मी पेढ्यांचा पुडा घेऊन तसाच उभा. घरी आलो, काकूंनी गच्चीवरून लाटणं आणलं, धुतलं, आणि कणीक मळायला घेतली. त्या दिवशी जेवणात पोळ्या होत्या. वाढता वाढता त्या एवढंच म्हणाल्या, "भाताची सवय झाली होती मला." गुरुजी म्हणाले, पोळी छान आहे.

त्याच वर्षी कार्तिकात माझी बदली झाली. सामान पुढे गेलं, आणि निघायच्या सकाळी मी निरोप घ्यायला घाटावर गेलो. गुरुजी चौकीवर बसलेले, समोर लातूरचं एक जोडपं. त्यांचं आटपेपर्यंत थांबावं म्हणून मी चार पायऱ्या वरच उभा राहिलो. आज काहीतरी सोडून जावं असं माझ्या मनात होतं. काय, ते अजून ठरत नव्हतं.

इतक्यात पलीकडच्या तीरावरून आवाज आला. कुणी मोठा पाहुणा येणार म्हणून गंगेवर फुलं टाकायला हेलिकॉप्टर पाठवलं होतं. ते समोर आलं आणि पाण्यावर, आमच्या अगदी पुढ्यात, हवेत थांबलं. सगळ्या घाटाने माना वर केल्या. फोन निघाले. लातूरच्या बाई उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. झेंडूच्या पाकळ्या आमच्या डोक्यांवर पडत होत्या.

गुरुजींनी तोंड फिरवलं. पाण्याकडे पाठ, पायऱ्यांकडे तोंड, म्हणजे माझ्याकडे. डोळे गच्च मिटलेले. मी त्यांना दिसत नव्हतो.

पण त्यांचा डावा हात मांडीवरून उचललेला होता. मूठ रिकामी, आणि ती अगदी थोडी वर, थोडी खाली होत होती. उजव्या हातात दर्भ, तो गुडघ्यांच्या मध्ये. अनवाणी पाय चौकीच्या फळीवर आळीपाळीने दाबले जात होते, एकदा डावा, एकदा उजवा. वर वाऱ्याचा झोत आला असावा. यंत्राची शेपटी जराशी फिरली, आणि आवाज बदलला. गुरुजींनी उजवा पाय दाबला. शेपटी परत जागेवर आली.

फुलं संपेपर्यंत ते हेलिकॉप्टर तिथेच होतं, आणि तोवर ते हात-पाय थांबले नाहीत. कपाळावर घाम होता. मग आवाज लांब गेला, पुलाच्या दिशेने, आणि विरला. मूठ मांडीवर टेकली. मी निरोप न घेताच वर चढायला लागलो.

मागून त्यांचा आवाज ऐकू आला. लातूरकरांना विचारत होते, "हं. शेवटचं कधी खाल्लंत?"